बांधकामावरील नियोक्त्याचे कायदेशीर दायित्व : काम वाटून देता येते, जबाबदारी देता येते का?

ओळंबा

मोठ्या इमारतीच्या कामावर एकाच दिवशी खोदाईवाले, सळई बांधणारे, सेंट्रिंगवाले, गवंडी, वीजतंत्री, नळजोडणी करणारे आणि क्रेनचालक एकमेकांच्या खाली-वर काम करीत असतात, आणि त्यांतील प्रत्येक टोळीला मजुरी देणारा माणूस बहुधा वेगळा असतो. अपघात घडला की 'हा माणूस कोणाचा' हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि जो तो आपापल्या करारनाम्याकडे बोट दाखवू लागतो. काम करवून घेणारा म्हणतो, मी कंत्राट दिले. मुख्य कंत्राटदार म्हणतो, ते काम मी उपकंत्राटदाराला दिले. उपकंत्राटदार म्हणतो, माणसे मुकादमाने आणली. या साखळीत कायदा नेमका कोणाला धरतो, यावर येथे नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो. काम दुसऱ्याला देता येते. सुरक्षिततेचे दायित्व मात्र देणाऱ्याकडून सुटत नाही. ज्याला काम दिले त्याच्यावर ते नव्याने येते इतकेच, आणि एकाच धोक्यासाठी दोघे-तिघे एकाच वेळी जबाबदार ठरू शकतात.

या तत्त्वाचे मूळ बांधकामात नसून एका कोळसा खाणीच्या खटल्यात आहे. पाळी संपवून बाहेर निघालेला एक कामगार वाहतुकीच्या बोगद्यातून चालत असताना तेथील ओढयंत्रणा सुरू झाली आणि तो बोगद्याच्या भिंतीला चिरडला गेला. खाणमालकाचा बचाव असा होता की, कायद्यानुसार तांत्रिक व्यवस्थापन पात्र व्यवस्थापकाकडेच द्यावे लागते, ते आम्ही दिले होते, तेव्हा आमचे कर्तव्य तेथे संपले. ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेथील तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९३७ साली हा बचाव फेटाळला. सक्षम सहकारी, योग्य साधनसामग्री आणि कामाची सुरक्षित पद्धत पुरवणे हे नियोक्त्याचे स्वतःचे कर्तव्य आहे आणि ते कोणाच्याही हातून पार पाडले तरी त्यातील उणिवेला उत्तरदायी तोच राहतो, असा त्या निकालाचा आशय आहे. इंग्रजी परंपरेतील न्यायव्यवस्थांमध्ये बांधकामाचे असंख्य दावे आजही याच पायावर उभे असतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या १६७ क्रमांकाच्या करारात, म्हणजे बांधकामातील सुरक्षितता व आरोग्याविषयीच्या करारात, हीच गोष्ट अधिक व्यवहार्य शब्दांत आली आहे. एका जागेवर दोन किंवा अधिक नियोक्ते एकाच वेळी काम करीत असतील, तर सुरक्षा उपायांचा मेळ घालण्याची जबाबदारी मुख्य कंत्राटदाराची, किंवा त्या जागेवर प्रत्यक्ष नियंत्रण असलेल्याची. मुख्य कंत्राटदार स्वतः जागेवर हजर नसेल, तर त्याने तेथे पुरेसे अधिकार आणि साधने असलेली सक्षम व्यक्ती नेमली पाहिजे. आणि हे सर्व असूनही प्रत्येक नियोक्ता आपल्या हाताखालच्या कामगारांपुरता जबाबदार राहतोच. यातील 'अधिकार आणि साधने' या शब्दांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण अनेक ठिकाणी सुरक्षा अधिकारी नेमलेला असतो, परंतु काम थांबवण्याचा अधिकार त्याला दिलेला नसतो. अशा नेमणुकीने दायित्व पुरे होत नाही.

गुनिया

ओळंबा, धागा अत्यंत गरजेचा आहे. मी प्लास्टर आणि वीटकामाची लहान कंत्राटे घेतो. माझ्यासमोरची अडचण सांगतो. परांची मुख्य कंत्राटदाराची असते, तीच आम्ही वापरतो. ती उभी करणारे, दुरुस्त करणारे सर्व त्याची माणसे. परंतु माझ्याशी केलेल्या करारनाम्यात 'उपकंत्राटदाराच्या कामगारांच्या सुरक्षिततेची संपूर्ण जबाबदारी उपकंत्राटदाराची राहील' असे कलम आहे आणि त्यावर मी सही केलेली आहे. उद्या परांचीची फळी निसटून माझा गवंडी पडला, तर त्या कलमामुळे मुख्य कंत्राटदार मोकळा होतो का? आणि परांची माझी नव्हती म्हणून मी मोकळा होतो का?

कलमदान

गुनिया, दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्यामागची कारणे वेगवेगळी आहेत.

आपण सही केलेले कलम हा आपल्या दोघांमधला व्यवहार आहे. पडलेला गवंडी त्या कराराचा पक्षकार नाही आणि शासनही नाही. गवंड्याला भरपाई दिल्यानंतर ती रक्कम मुख्य कंत्राटदार आणि आपण यांच्यात कशी वाटली जावी, यावर त्या कलमाचा परिणाम होऊ शकतो. गवंड्याचा हक्क त्याने कमी होत नाही आणि कायद्याने लादलेले कर्तव्य मोडल्याचा फौजदारी दोष तर करारनाम्याने कोणाच्याच डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जात नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी अमेरिकेतील कामगार सुरक्षा यंत्रणेचे धोरण पाहण्यासारखे आहे, कारण आपण सांगता तसल्या परिस्थितीची इतकी स्वच्छ मांडणी मला दुसरीकडे आढळली नाही. अनेक नियोक्ते असलेल्या जागेवर ती यंत्रणा चार भूमिका तपासते : धोका निर्माण करणारा, आपल्या कामगारांना त्या धोक्याला सामोरे जाऊ देणारा, धोका दूर करण्याचे काम ज्याच्याकडे आहे तो, आणि संपूर्ण जागेवर देखरेखीचा अधिकार असलेला. एकच नियोक्ता यांतील दोन-तीन भूमिकांत असू शकतो. आपल्या उदाहरणात मुख्य कंत्राटदार बहुधा तीन भूमिकांत आहे आणि आपण दुसऱ्या भूमिकेत.

या दुसऱ्या भूमिकेतील नियोक्त्याने काय करायचे हेही तेथे सांगितले आहे. धोका त्याने निर्माण केलेला नाही आणि तो दूर करण्याचा अधिकारही त्याला नाही, अशा वेळी त्याने धोका दूर करण्याची मागणी संबंधितांकडे केली पाहिजे, आपल्या कामगारांना त्याची कल्पना दिली पाहिजे आणि स्वतःला शक्य असलेले पर्यायी संरक्षण पुरवले पाहिजे. धोका जिवावर बेतणारा आणि तत्काळ असेल, तर माणसे तेथून काढून घेतली पाहिजेत. धोका माहीत नव्हता हे सांगून भागत नाही. वाजवी काळजी घेतली असती तर तो कळला असता का, हे पाहिले जाते.

परांची

मी बांधकाम सुरक्षेच्या कामात आहे. कलमदान यांनी मांडलेले चार भूमिकांचे तत्त्व प्रत्यक्ष कामावर कसे दिसते, याचे एक उदाहरण देतो, कारण असा प्रकार कामांवर पुन्हा पुन्हा घडतो.

स्लॅबमध्ये पाइपांच्या डक्टसाठी जागा मोकळी सोडलेली असते. कोणीतरी तिच्यावर प्लायवूडचा तुकडा टाकतो. तो खिळ्यांनी बसवलेला नसतो आणि त्यावर काही लिहिलेलेही नसते. चार दिवसांनी दुसऱ्या टोळीतील एखाद्या बिगाऱ्याला प्लायवूडची गरज पडते. तो तुकड्याची पुढची कड दोन्ही हातांनी उचलतो, तुकडा छातीसमोर उभा धरतो आणि चालू लागतो. समोरचे काही दिसत नसते, आणि पहिलेच पाऊल त्या मोकळ्या जागेत पडते. येथे डक्ट उघडा ठेवणारा एक, झाकण टाकणारा दुसरा, बिगाऱ्याला पाठवणारा तिसरा आणि मजल्याची देखरेख करणारा चौथा. प्रत्येक जण म्हणेल की मी काहीच केले नाही, आणि नेमकी तीच कायद्याच्या दृष्टीने अडचण आहे.

अमेरिकेच्या नियमांत या झाकणासाठी तीन अटी आहेत. त्यावरून जाणारी माणसे, सामान व साधने यांच्या एकत्रित वजनाच्या किमान दुप्पट भार त्याने पेलला पाहिजे, ते सरकणार नाही असे पक्के केलेले असले पाहिजे आणि त्यावर ते झाकण असल्याचा शब्द किंवा ठरलेला रंग असला पाहिजे. तिन्ही अटी मूठभर खिळे आणि रंगाच्या डबीने पुऱ्या होतात, आणि त्यामुळेच त्या पाळल्या नसतील तर न्यायालयासमोर सांगण्याजोगे कारण कोणाकडेच उरत नाही.

आता परांचीविषयी. ब्रिटनच्या उंचीवरील कामाच्या २००५ च्या नियमांनुसार, जेथून दोन मीटर किंवा अधिक पडण्याची शक्यता आहे अशी कामाची परांची मागील सात दिवसांत तपासलेली नसेल तर ती वापरता येत नाही, आणि तपासणीची लेखी नोंद ठेवावी लागते. हे बंधन परांची उभी करणाऱ्यापुरते नसून ती वापरायला लावणाऱ्या नियोक्त्यावरही आहे. म्हणून गुनिया, आपण सकाळी माणसे वर चढवण्याआधी तपासणीची पाटी आणि तिच्यावरील तारीख पाहणे हा आपल्या कर्तव्याचा भाग आहे. त्याबरोबर भिंतीला बांधलेले टाय जागेवर आहेत का, हेही बघावे. प्लास्टर करताना मध्ये येतात म्हणून ते सोडले जातात आणि नंतर कोणी परत बांधत नाही. ते आपल्याच माणसांनी सोडले, तर आपण धोका निर्माण करणाऱ्याच्या भूमिकेतही जाता.

हातोडी

सर्व काही नियोक्त्यावरच टाकले जात आहे, याविषयी माझी तक्रार आहे. आम्ही सेफ्टी बेल्ट देतो, हेल्मेट देतो, सही घेऊन देतो. कामगार बेल्ट कमरेला बांधतो आणि हुक कोठेही अडकवत नाही. वारंवार सांगूनही ऐकत नाही. मग तो पडला तर दोष आमचा कसा?

परांची

हातोडी, आपला त्रास खरा आहे. तरीही चौकशी अधिकारी पहिला प्रश्न हा विचारील की, हुक अडकवायचा कोठे होता? अमेरिकेच्या नियमांत अशा आधारबिंदूने प्रत्येक माणसामागे सुमारे २२ किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांहून अधिक वजनाइतका ताण पेलावा, अथवा पात्रताप्राप्त व्यक्तीच्या देखरेखीखाली किमान दुप्पट सुरक्षिततेने तयार केलेल्या व्यवस्थेचा तो भाग असावा, अशी अट आहे. परांचीचा आडवा पाइप किंवा सेंट्रिंगची सळई म्हणजे आधारबिंदू नव्हे. लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवण्याची पक्की दोरी, ओढलेली नसेल, तर बेल्ट देणे हे केवळ वस्तुवाटप ठरते.

दुसरा प्रश्न यापेक्षाही आधीचा आहे. बेल्टची वेळ का आली? कायद्याने उपायांचा क्रम ठरवून दिला आहे. उंचीवर जाणेच टाळता येत असेल तर टाळावे, जमिनीवर जोडणी करून भाग वर चढवावा. ते शक्य नसेल तर कठडे, पक्की फळी, पायपट्टी यांनी पडणे रोखावे. तेही अशक्य असेल तेव्हा जाळी व बेल्ट. १६७ क्रमांकाच्या करारातही वैयक्तिक संरक्षक साधने इतर मार्गांनी पुरेसे संरक्षण देता येत नसेल तेव्हाच सांगितली आहेत आणि ती कामगाराला विनामूल्य द्यायची आहेत. हेल्मेटचे पैसे मजुरीतून कापणे हे या तत्त्वाच्या थेट विरुद्ध आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. बेल्टने वाचलेला माणूस हवेत लटकत असतो. हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाभोवतीच्या पट्ट्यांत, निश्चल लटकल्याने पायांत रक्त साचते आणि थोड्या वेळात शुद्ध हरपून जिवाला धोका उत्पन्न होतो. म्हणून त्याला त्वरित खाली आणण्याची सोय करून ठेवणे हेही नियोक्त्याचेच काम आहे. बाहेरची मदत येईपर्यंत वाट पाहू, ही योजना होऊ शकत नाही.

कलमदान

हातोडी यांच्या प्रश्नाची कायदेशीर बाजू थोडी अधिक उलगडतो. कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर दिवाणी दाव्यात भरपाईची रक्कम कमी होऊ शकते. परंतु न्यायालये हे गृहीत धरतात की रोज तेच काम करणारा माणूस धोक्याला सरावतो, आणि म्हणूनच देखरेख हा नियोक्त्याच्या कर्तव्याचा भाग मानला जातो. भारतात बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्यात सतत आणि पुरेशी देखरेख पुरवण्याची जबाबदारी नियोक्त्यावर स्पष्ट शब्दांत टाकली होती. पुढे तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आला. तोंडी सूचना म्हणजे देखरेख नव्हे. सूचना मोडणाऱ्याला काम थांबवून खाली उतरवले होते का, हे विचारले जाते.

दोष न पाहता मिळणाऱ्या भरपाईचा प्रवाह याहून वेगळा आहे. जर्मनीत १८८४ साली अपघात विम्याचा कायदा झाला, तेव्हापासून अनेक देशांनी हे तत्त्व स्वीकारले की कामामुळे इजा झाली एवढे पुरेसे आहे, नियोक्त्याची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. भारताच्या १९२३ च्या भरपाई कायद्यात नशा, सुरक्षानियमांचा हेतुपुरस्सर भंग आणि संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकणे हे अपवाद होते. परंतु मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ते अपवाद नियोक्त्याच्या उपयोगाचे नव्हते. म्हणजे ज्या प्रसंगी नियोक्ता 'त्याने बेल्ट लावला नव्हता' असे सर्वाधिक आग्रहाने सांगतो, त्याच प्रसंगी ते सांगून भरपाई टळत नसे.

हातोडी

समजले. मग कामगाराकडून 'मी माझ्या जबाबदारीवर काम करीत आहे, अपघात झाल्यास मालकाकडे काहीही मागणार नाही' असे लिहून घेतले, तर त्याला काही किंमत आहे का? आमच्याकडे अशी पद्धत आहे.

कलमदान

किंमत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार वर उल्लेखलेल्या १९२३ च्या कायद्यानेच रद्दबातल ठरवला होता, आणि कामगार संरक्षणाच्या कायद्यांत हे तत्त्व सर्वत्र आढळते : जे कर्तव्य समाजाच्या हितासाठी लादले आहे ते एका गरजू माणसाच्या सहीने पुसले जात नाही. उलट तो कागद आपल्यावरच उलटू शकतो, कारण काम धोक्याचे असल्याची आपल्याला आधीपासून पूर्ण जाणीव होती, याचा तो लेखी पुरावा असतो. माझी कळकळीची विनंती आहे की ही पद्धत बंद करावी.

पाणसळ

मी संरचना अभियंता आहे. चर्चा कंत्राटदारांभोवती फिरत आहे. त्यांच्याही वर बसलेल्या दोघांविषयी लिहितो, म्हणजे आराखडा करणारा आणि काम करवून घेणारा.

२७ एप्रिल १९७८ रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील विलो आयलंड येथे वीजकेंद्राचा शीतलन मनोरा बांधला जात होता. काम करण्याचा मचाण आणि फर्मा मनोऱ्याच्या भिंतीलाच बोल्टने जोडलेले होते आणि भिंत वाढेल तसे ते वर सरकत. त्या दिवशी आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटचा थर सुटला आणि त्याच्याबरोबर मचाण कोसळले. ५१ कामगार मृत्युमुखी पडले. तपासात निष्कर्ष निघाला की त्या काँक्रीटला भार पेलण्याइतकी ताकद अजून आलेली नव्हती. काँक्रीट वाईट होते असे नव्हे. त्याला आणखी वेळ हवा होता, आणि तो मिळाला की नाही हे वर चढण्याआधी तपासले गेले नाही.

स्लॅबखालचे टेकू लवकर काढणे हा त्याच जातीचा प्रकार आहे. पुढच्या मजल्याला साहित्य हवे, हप्ता स्लॅबशी जोडलेला, तारीख ठरलेली. म्हणूनच ब्रिटनच्या बांधकाम नियमांत, २०१५ च्या आवृत्तीत, काम करवून घेणाऱ्यावर असे बंधन आहे की त्याने कामासाठी पुरेसा वेळ आणि पुरेशी साधने उपलब्ध करून दिली पाहिजेत. माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची तरतूद हीच आहे. अशक्य तारीख लादणारा माणूस परांचीवर कधी पाऊल ठेवत नाही, परंतु अपघाताची सुरुवात त्याच्या टेबलावरच होते. त्या नियमांत आराखड्याच्या टप्प्यावर एक प्रमुख संकल्पक आणि बांधणीच्या टप्प्यावर एक प्रमुख कंत्राटदार नेमण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आहे. युरोपीय समुदायाच्या १९९२ च्या निर्देशातही समन्वयक नेमावे लागतात, आणि समन्वयक नेमल्याने नेमणारा जबाबदारीतून मुक्त होत नाही असे तेथे स्पष्ट केले आहे.

दुसरी घटना मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलाची. १५ ऑक्टोबर १९७० रोजी बांधकाम चालू असताना ११२ मीटरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, कोसळला आणि ३५ जण दगावले. जोडावयाच्या दोन अर्ध्या भागांच्या पातळीत सुमारे ११ सेंटिमीटरचा फरक होता; तो घालवण्यासाठी काँक्रीटचे ठोकळे ठेवून वजन दिले गेले, त्यामुळे पोलादी पत्रा वाकला, आणि तो सरळ करण्यासाठी जोडाचे बोल्ट काढले जात असताना पूल गेला. मृतांपैकी अनेक जण पुलावर नव्हतेच. ते खाली, गाळ्याच्या सावलीत असलेल्या विश्रांतीच्या खोल्यांत होते. विश्रांतीची जागा पुरवणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे, आणि ती कोठे पुरवायची हेही त्याच कर्तव्यात मोडते.

ओळंबा

पाणसळ, वेळेचा मुद्दा आपण आणला हे फार चांगले झाले.

धाग्यात अजून न आलेला एक विषय खोदाईचा. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या वर जाते, म्हणून छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचे डोके बाहेर असले तरी त्याला श्वास घेता येत नाही. अमेरिकेत दीड मीटर किंवा त्याहून खोल चरात उतार, आधार किंवा संरक्षक पेटी बंधनकारक आहे, अखंड खडक हा एकच मोठा अपवाद. त्याहून उथळ चरातही माती ढासळण्याची चिन्हे सक्षम व्यक्तीला दिसली तर संरक्षण द्यावेच लागते. काढलेली माती काठापासून किमान ६० सेंटिमीटर दूर ठेवायची आणि सक्षम व्यक्तीने दररोज काम सुरू होण्याआधी व पावसानंतर तपासणी करायची. 'अर्ध्या तासाचे काम आहे' या सबबीला तेथे स्थान नाही, आणि नसावे. चर ढासळायला काही क्षण लागतात आणि खालच्या माणसाला चढून येण्याइतका अवधी मिळत नाही.

आरोग्याचा भाग दुर्लक्षित राहतो, कारण तेथे नुकसान वर्षानुवर्षांनी दिसते. दगड, वीट, काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांत बसते. अमेरिकेने २०१६ च्या नियमात आठ तासांच्या पाळीसाठी दर घनमीटर हवेत सरासरी ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. कापताना पात्यावर पाणी सोडणे किंवा धूळ तेथल्या तेथे ओढून घेणे हे उपाय साधे आहेत. तोंडाला रुमाल बांधणे हा उपाय नव्हे. येथे धोका निर्माण करणारा नियोक्ता एक आणि शेजारी रंगकाम करणाऱ्या माणसांचा नियोक्ता दुसरा असतो, त्यामुळे वर आलेल्या चार भूमिका धुळीलाही लागू पडतात.

पिण्याचे पाणी, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, प्रथमोपचार, जेवणाची निवाऱ्याची जागा, या सोयी करारातही आहेत आणि बहुतेक देशांच्या कायद्यांतही. त्यांवर वाद होण्यासारखे काही नाही. त्या द्यायच्या असतात.

मजुरीच्या बाबतीतही साखळी वरपर्यंत जाते. भारताच्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती मूळ नियोक्त्याने द्यायची आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची, अशी तरतूद होती. जर्मनीत मुख्य कंत्राटदार उपकंत्राटदाराच्या कामगारांच्या किमान वेतनासाठी जामीनदारासारखा बांधलेला असतो.

गुनिया

माझ्याकडचे काही कारागीर 'स्वतंत्र' म्हणून येतात. त्यांना मी रोजावर नव्हे, कामाच्या मापावर पैसे देतो. ते माझे कामगार धरले जातील का?

कलमदान

पैसे कसे मोजले जातात यावर हे ठरत नाही. कामाची वेळ, जागा आणि पद्धत कोण ठरवतो, साहित्य व मोठी साधने कोणाची, त्याला आपल्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो का, नफा-तोट्याची जोखीम त्याची आहे का, हे न्यायालय पाहते. आपण सांगाल त्या वेळी येणारा, आपल्या परांचीवर, आपल्या मुकादमाच्या सूचनेने काम करणारा कारागीर कागदावर स्वतंत्र असला तरी तो आपलाच कामगार ठरण्याची शक्यता मोठी आहे.

आणि तो खरोखर स्वतंत्र असला तरी प्रश्न संपत नाही. ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्यात स्वतःच्या कामगारांविषयीचे कर्तव्य एका कलमात आणि इतरांविषयीचे लगेच पुढच्या कलमात आहे. १९९६ साली हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर एका रासायनिक कारखान्याचे प्रकरण आले होते. बाहेरच्या कंत्राटदाराचा माणूस टाकीत शिरून दुरुस्ती करीत होता, ज्वालाग्राही द्रव उघड्या बादलीत होता, दिव्याचा बल्ब फुटला आणि तो गंभीर भाजला. कंत्राटदार स्वतंत्र होता, कामाची पद्धत त्याची होती, हा कारखानदाराचा युक्तिवाद मान्य झाला नाही. आपल्या उद्योगाचा भाग असलेले काम दुसऱ्याकडून करवून घेतले तरी ते आपला उद्योग चालवणेच होय, असे ठरले. याच कायद्यात, खबरदारी घेणे व्यवहार्य नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपी नियोक्त्यावर आहे, आणि संचालक किंवा व्यवस्थापकाच्या संमतीने वा हलगर्जीपणामुळे गुन्हा घडला तर ती व्यक्तीही स्वतः दोषी धरली जाते.

गुनिया

शेवटचा प्रश्न. परांचीतील उणीव मी कळवली आणि मुख्य कंत्राटदाराने दुरुस्ती केली नाही, म्हणून मी काम थांबवले, तर तो विलंबाचा दंड माझ्यावर लावील. त्या वेळी मी काय करावे?

परांची

तत्काळ आणि गंभीर धोका असल्याचे मानण्यास सबळ कारण असेल, तर कामगाराला तेथून दूर होण्याचा हक्क १६७ क्रमांकाच्या करारात दिला आहे, आणि त्याच कलमात नियोक्त्याने काम ताबडतोब थांबवून माणसे बाहेर काढावीत असे बंधन आहे. म्हणजे थांबणे ही आपली सवलत नसून आपले कर्तव्य आहे, आणि कर्तव्य पाळल्याबद्दल दंड लावण्याचा दावा टिकवणे समोरच्याला अवघड जाईल. मात्र त्यासाठी नोंद हवी. परांचीची कोणती बाजू, कितवा मजला, कोणती फळी, कोणता टाय, हे छायाचित्रासह त्याच दिवशी लेखी कळवावे; काम थांबवल्याची वेळ लिहावी; उरलेली माणसे ज्या सुरक्षित जागी कामाला लावली तेही लिहावे, म्हणजे आपण विलंब कमीत कमी ठेवण्याचा प्रयत्न केला हे दिसेल. दुरुस्तीनंतर नव्या तारखेची तपासणी नोंद पाहूनच माणसे वर पाठवावीत. आणि पुढचा करारनामा करताना सहीआधी दोन गोष्टी लिहून मागाव्यात : परांची तपासणाऱ्या सक्षम व्यक्तीचे नाव, आणि उणीव कळवल्यापासून दुरुस्तीपर्यंतचा वेळ कामाच्या मुदतीत वाढवून मिळेल हे वाक्य.

गुनिया

दोन्ही गोष्टी पुढच्या मसुद्यात घालतो. मसुदा तयार झाला की त्यातील सुरक्षिततेची कलमे येथेच डकवीन, कलमदान यांनी ती पाहावीत.